मामा बसले, त्याची हकीकत

सर्व लहानथोरांनी हातातली कामं घटकाभर बाजूला ठेवावीत, डोक्यावरच्या टोप्या नीट कराव्यात आणि जमत असेल त्यांनी उभं राहून ऐकावं. मी जे जाहीर करणार आहे ते बेर्शेबा शहराच्या इतिहासात कुणी नोंदवलेलं नाही, आणि ही त्या इतिहासाची शरमेची बाब आहे. माझ्या बायकोचे मामा एकोणीसशे बासष्ट साली डिसेंबरात, हनुक्काच्या सणाच्या सुमारास एका बाकावरून उठले, आणि एकोणीसशे चौसष्ट साली सुकोथचा सण आटोपल्यावर एका खुर्चीवर बसले. मधल्या काळात ते बसलेच नाहीत. जगात याहून मोठे पराक्रम झाले असतील. माणसं डोंगर चढली असतील, समुद्र पोहून गेली असतील. पण ती सगळी परत येऊन कुठे ना कुठे टेकली. आमचे मामा टेकले नाहीत.

ऐकणारा आधी हसतो आणि मग त्याच्या डोक्यात शंका वळवळायला लागतात, म्हणून त्या आधीच मिटवतो. मामा झोपत ते आडवेच, कारण "पडणं म्हणजे बसणं नव्हे" असा त्यांनी स्वतःच दिलेला निवाडा होता. फक्त पलंगावर चढणं-उतरणं कमरेत न वाकता, ओंडका लोटल्यासारखं व्हायचं, आणि तो आवाज खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कन बाईला रोज सकाळी घड्याळाच्या जागी चालायचा. जेवायचे खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून, बाहेरच्या धुळीकडे शत्रूकडे पाहावं तसं पाहत. बस रिकामी असली तरी दांडा धरून उभे, आणि ड्रायव्हर आरशातून ओरडला, "आजोबा, बसा की, सगळी गाडी तुमचीच आहे," तर हे शांतपणे म्हणत, "गाडी माझी असेल तर मी कुठे राहायचं ते मीच ठरवीन." रुमानियाहून आलेला आमचा न्हावी बुटका आणि मामा ताडमाड, तेव्हा दर महिन्याला तो बिचारा संत्र्याच्या खोक्यावर चढून मामांचे केस कापायचा, आणि मामांच्या मानेला वस्तरा लागू नये म्हणून दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं ते खोकं धरून ठेवायची. राहिलं एक ठिकाण, ज्याबद्दल सभ्य माणसं विचारत नाहीत आणि मी विचारलं. मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, ते बसणं नव्हे. ती ड्यूटी आहे."

मामा मूळचे अलिबागेकडचे यहुदी. तेल गाळणाऱ्यांच्या घरातले, पण घडले मुंबईत आणि तेही पलटणीत. ड्रिल हवालदार होते. कोवळ्या पोरांना घ्यायचं, त्यांचे पाय एका तालात पडायला लावायचे आणि मग ती पोरं कुठेतरी लांब निघून जायची, हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. स्वतःला मूल नव्हतं, मामी मुंबईलाच वारल्या. इस्राएलात आले तेव्हा विमानाच्या शिडीवरून त्यांनी डावा पाय आधी टाकला, खाली उभ्या असलेल्या कारकुनाला सलाम ठोकला, आणि त्या कारकुनाने गोंधळून सबंध रांग सोडून यांचेच कागद आधी पाहिले, असं माझी सासू सांगते. सासू म्हणजे मामांची धाकटी बहीण. ती पुष्कळ गोष्टी सांगते, पण ही खरी असावी. बेर्शेब्यात त्यांना एका गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. मालकाने बसायला खुर्ची दिली. मामांनी तिच्यावर जेरेनियमची कुंडी ठेवली आणि मालकाला सांगितलं, "हिला बसायची सवय आहे."

पण त्यांचा जीव कुठे असेल तर तो शाळेच्या मैदानावर. वरच्या वर्गांतल्या मुलामुलींना दर शुक्रवारी कवायत असायची. शिकवायला सैन्यातून एक तरुण मुलगी येई, आणि तिला स्वतःलाच उन्हाचा कंटाळा. मामा कुंपणाबाहेर उभे राहून ती वेडीवाकडी रांग पाहत आणि दातओठ खात. पहिल्या शुक्रवारी त्यांनी नुसते सुस्कारे टाकले. दुसऱ्या शुक्रवारी कुंपणावरून वाकून एकाची कॉलर सरळ केली. तिसऱ्या शुक्रवारी ते कुंपणाच्या आत होते आणि ती मुलगी निलगिरीच्या सावलीत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. तेव्हापासून ती पलटण मामांची. मामा त्यांना "कॅडेट" म्हणत, आणि कॅडेट त्यांना मामा. मराठी घरातली मुलं त्यांत मोजकीच. बाकी मोरोक्कोची, रुमानियाची, इराकची. पण मामांचे हुकूम सगळ्यांना सारखेच: "दाहिने मुड", "तेज चल", "थम", आणि मधूनमधून मुंबईचं इंग्रजी. रागावले की मात्र शुद्ध कोकणी मराठी. "अरे मेल्या, पाय आहे का काठी?" असं एका इराकी पोराला विचारलं तर तो हिब्रूत म्हणायचा, "हो मामा, लगेच," आणि पाय सुधारायचा. आपली मुलं मात्र मराठी समजूनसुद्धा हिब्रूतच उत्तर द्यायची. मामांना ते लागायचं. "अगो, मी मराठीत विचारतो, तू मराठीत सांग," असं ते म्हणत, आणि समोरची पोर खांदे उडवून म्हणे, "मा पितोम!" म्हणजे भलतंच काय!

ही समोरची पोर म्हणजे रिबका. आमच्याच मजल्यावर समोरच्या घरात राहायची. बाप इसाक चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. मितभाषी, आणि हिब्रूत तर मुकाच. मामांची एक खोड अशी की कवायत करताना पोरांचं डोकं रिकामं राहू नये म्हणून ते त्यांच्याकडून मराठी पाढे म्हणवून घेत. बेर्शेब्याच्या त्या भगभगीत मैदानावर चाळीसेक पोरं पाय आपटत "एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार" म्हणत चालली आहेत, त्यातल्या निम्म्यांना आपण काय म्हणतोय याचा पत्ता नाही, आणि रस्त्यावरून उंट घेऊन जाणारा बेदुईन थांबून पाहतोय, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एकदा मामाच दीडकीत घसरले. सगळी पलटण त्यांच्यामागोमाग घसरली. एकटी रिबका रांगेतून बाहेर आली, मामांपुढे उभी राहिली आणि बरोबर आकडा सांगितला. हिब्रूत सांगितला, पण सांगितला. मामांनी तिला सलाम केला. घरी येऊन मला म्हणाले, "जावईबापू, ही पोर माझ्या हातून लांब जाणार. पार लांब."

आता बाकाची गोष्ट. बासष्टच्या हिवाळ्यात शाळेने पालकांना बोलावलं. इसाकने मामांना बरोबर नेलं, कारण त्याला वाटे मामांना हिब्रू येतं. मामांनाही तसंच वाटे. मीही गेलो, कारण मला खरंच थोडं येत होतं. आम्ही तिघं मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. हेडमास्तर बरा माणूस होता, गोड बोलायचा. म्हणाला, "रिबका अतिशय चांगली मुलगी आहे. तुमची सगळीच मुलं चांगली, शांत, हाताने काम करणारी. तिला शिवणाच्या वर्गात घालू. गणिताचा वर्ग म्हणजे पुढे हैफाच्या इंजिनियरिंग विद्यालयात जाणाऱ्या मुलांसाठी असतो." हे त्याने इतक्या प्रेमाने सांगितलं की इसाक मान डोलवत राहिला. त्या दिवसांत आमच्या लोकांना जो तो काही ना काही विचारायचा, तुम्ही कोण, कुठून आलात, खरोखरीचेच यहुदी ना. मान डोलवायची सवयच झाली होती. मी भाषांतर केलं. मामांनी ते ऐकलं आणि ते बाकावरून उठले. बस, एवढंच. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. बाहेर निलगिरीखाली आल्यावर टोपी सारखी केली, वर पाहिलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताशी बोलले: "एलियाहू हनाबी, ही पोर हैफाच्या त्या विद्यालयाला जाईपर्यंत मी बसणार नाही. पास झाली की तुझा मलिदा करीन. बाकी तू बघ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि जावईबापू, हे पोरीला कळता कामा नये. माझ्या गुडघ्यांसाठी गेली तर ते जाणं नव्हे."

इसाकला रडू आलं, म्हणून त्याने बुटाची नाडी बांधली. मला हसू आलं, म्हणून मीही बांधली.

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी हेडमास्तरच्या खोलीत जाऊ लागले. काही मागायचे नाहीत. टेबलासमोर सावधान उभे राहायचे. हेडमास्तर म्हणायचा, "बसा ना." मामा म्हणायचे, "नको." वयाने मोठा माणूस समोर ताठ उभा असताना खुर्चीत बसून कागदांवर सह्या करणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आधी हेडमास्तर खुर्चीच्या कडेवर आला. मग अर्धवट उठलेला राहू लागला. शेवटी तोही उभाच राहून काम करू लागला, आणि पाहता पाहता त्याच्या खोलीत येणारे मास्तर, शिपाई, पालक, सगळेच उभे राहून बोलायला लागले. मार्चमधल्या पुरीमच्या सणाआधीच त्या माणसाचे पाय भरून आले आणि रिबका गणिताच्या वर्गात गेली. आमच्या मोहल्ल्यात हा विजय साजरा झाला. मामा म्हणाले, "ही नुसती चौकी घेतली. किल्ला लांब आहे."

आणि इथून आमच्या घराच्या हालअपेष्टा सुरू झाल्या. कारण आपल्यात मोठं माणूस उभं असताना धाकट्याने बसायचं नसतं. मामा रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचे. ते दारात दिसले की मी उठायचो, बायको उठायची, सासू उठायची, पाहुणे असतील तर तेही उठायचे. आणि मामा बसत नसल्यामुळे पुन्हा कुणालाच बसता यायचं नाही. आम्ही उभ्याने चहा प्यायलो. उभ्याने भांडलो. माझ्या धाकट्या मेव्हणीचं लग्न उभ्याने ठरलं. मुलाकडच्यांना वाटलं हिंदुस्थानातून आलेल्यांची अशीच रीत असेल, तेव्हा तेही शिष्टाचार म्हणून उभे राहिले आणि म्हणून सगळं झटपट ठरलं, हा एक फायदा. पण सासूच्या कमरेने दगा दिला. ती रोज म्हणायची, "दादा, बस रे मेल्या! तुझा नवस तू कर, आमचे का पाय मोडतोस?" मामा म्हणायचे, "मी कुणाला बस नको म्हटलं का?" ती म्हणायची, "तू उभा असताना मी बसू? आई वरून बघते आहे." मामा म्हणायचे, "मग तिच्यासाठी उभी राहा. माझ्यावर कशाला घालतेस?" किप्पूरच्या उपासाच्या दिवशी मात्र सिनगॉगमध्ये शेवटच्या प्रार्थनेला सगळेच उभे राहिले. सबंध वर्षात त्या एका तासापुरते मामा चारचौघांसारखे दिसले, आणि मला वाटतं, त्यामुळे ते जरा खट्टूच झाले.

गुडघे सुजत चालले होते हे आम्हांला दिसत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, "बसून राहा." मामांनी विचारलं, "बसण्याऐवजी दुसरं औषध?" डॉक्टरला वाटलं थट्टा आहे. घरी सासू तिळाचं तेल लावून ते गुडघे चोळायची, आणि मामा भिंतीला टेकून उभे. रिबका कधीमधी दारातून डोकावायची आणि आपल्या त्या हिब्रूत विचारायची, "यांना झालंय काय? बसत का नाहीत?" मी म्हणायचो, "पलटणीतली सवय." ती म्हणायची, "मेशुगा!" म्हणजे खुळा म्हातारा, आणि पुस्तक घेऊन निघून जायची. त्या वेळी माझ्या जिभेच्या टोकाला किती खाज सुटायची ते मी सांगू शकत नाही.

चौसष्टच्या उन्हाळ्यात निकाल लागला. पलटणीतल्या दोघांना हैफाच्या विद्यालयात जागा मिळाली, आणि आधी शिक्षण, मग सैन्य अशी खास सवलतही मिळाली. एक सिमसन, ज्याच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती, आणि दुसरी रिबका. मामांनी मलिदा जाहीर केला, म्हणजे हनाबीच्या नावाने गोड पोह्यांचा आणि फळांचा नवस फेडायचा. दोन्ही कॅडेटांचा, जोडीने. पोहे सासूने मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकाच्या पेटीतून जवळजवळ लुटले. नारळ हैफा बंदरातल्या कुणा खलाशाकडून आले. एक त्यात सडका निघाला, तेव्हा मामांनी त्याला "फॉल आउट" म्हटलं. सब्जाच्या पानांऐवजी हदासच्या सुगंधी डहाळ्या ठेवल्या. आणि मामांनी आणखी एक गोष्ट केली, जी मलिद्याला खरं म्हणजे लागत नाही. आपल्यात सुंतेच्या वेळी हनाबीसाठी एक खुर्ची रिकामी ठेवतात, पांढरं वस्त्र घालून. मामांनी तशीच एक खुर्ची अगदी मध्यभागी मांडली. "त्याला एवढ्या लांबून बोलावलं," ते म्हणाले, "तो कशाला उभा राहील? नवस मी बोललोय, तो थोडाच बोललाय?"

हेडमास्तरला मी बोलावलं होतं. तो उशिरा आला, उन्हातून चालत, घामाघूम. त्याने पाहिलं तर खोली माणसांनी भरलेली आणि सगळेच्या सगळे उभे. अर्थात मामा उभे होते म्हणून. आणि मधोमध एकच खुर्ची रिकामी, तीही पांढरं स्वच्छ वस्त्र घातलेली, समोर फळांचं ताट. कुठल्याही शहाण्या माणसाला जे वाटेल तेच त्याला वाटलं. त्याचे डोळे भरून आले, हात जोडल्यासारखे करून तो पुढे गेला, आणि एलियाहू हनाबीच्या खुर्चीवर बसला.

बायकांनी डोक्यावर पदर ओढले. इसाक पांढरा पडला. सासूच्या तोंडून नुसतं "बसला!" एवढंच निघालं. दोघंतिघं म्हातारे पुढे सरसावले; तेवढ्यात मामा गरजले, "जैसे थे!" सगळे जागच्या जागी गोठले. मामांनी बराच वेळ त्या माणसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे झुकून म्हणाले, "जावईबापू, हनाबी कुणाचं रूप घेऊन येईल ते सांगता येत नाही हे ऐकून होतो. पण याचं घेईल असं वाटलं नव्हतं." आणि त्यांनी मलिद्याचं पहिलं ताट त्याच्या हातात दिलं. त्याने पोहे खाल्ले, नारळ चावला, खजूर खाल्ला, पुन्हा पोहे घेतले, आणि मग उभ्याने गात असलेल्या आम्हां सगळ्यांकडे पाहून, अतिशय गहिवरून म्हणाला, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो, ही मुलगी गणितासाठीच जन्माला आली आहे!" मी भाषांतर केलं. मामा म्हणाले, "बघा. खुर्चीचा गुण."

मलिदा झाला, आता मामा बसणार म्हणून सासूने धावत जाऊन दुसरी खुर्ची आणली, उशी ठेवली. सगळे वाट पाहत होते; स्वतःच्या पायांसाठीही वाट पाहत होते. मामा खुर्चीकडे पाहून म्हणाले, "पास झाली. गेली कुठे?" वकिलाने केलं नसतं इतकं बारीक वाचन त्यांनी स्वतःच्या नवसाचं केलं होतं. सासू म्हणाली, "जळ्ळं मेलं ते तुझं हवालदारपण!" आणि तीच खुर्चीवर मटकन बसली आणि मग आई बघते आहे हे आठवून पुन्हा उठली.

पण खरी बेचैनी पुढेच होती. निकाल लागला उन्हाळ्यात, विद्यालय सुरू होणार शरदातल्या सणांनंतर, आणि मधल्या काळात रिबका फिरली. एका दुपारी जिन्यात मला गाठून म्हणाली, अर्धं हिब्रू, अर्धं काहीच नाही अशा भाषेत, की मी जाणार नाही. सिमसन मुलगा आहे, त्याचं बरं. तिथे सगळी हैफाची मुलं, घरात पियानो असलेली. मी बोलायला लागले की विचारतील, तू कुठली? शिवणाच्या वर्गाची बाई चांगली आहे, तिने बोलावलंय. मी मामांकडे धावलो. ते गोदामाच्या फाटकावर जेरेनियमला पाणी घालत होते. मी म्हणालो, "मामा, आता तरी सांगू द्या. तुमच्या पायांची गोष्ट कळली तर ती उद्या निघेल." मामांनी पाणी घालायचं थांबवलं नाही. "आणि तिथे जाऊन काय शिकेल?" ते म्हणाले. "माझे गुडघे? नाही. सांगितलंत तर मी तुमच्या घरी पाऊल टाकणार नाही, मग तुम्ही सुखाने बसा." असं म्हणाले आणि फाटकाचा खांब धरला. त्या क्षणी मला प्रथमच वाटलं की हा माणूस खरोखरच मरेपर्यंत उभा राहील, आणि का ते कुणाला कळणारही नाही.

सणांच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी कवायत झाली. मामांनी पलटण निलगिरीखाली पाठवून दिली आणि एकट्या रिबकाला मैदानावर घेतलं. "कॅडेट, तेज चल!" ती चालू लागली, तोंड वाकडं करून, पण पाय सरळ. मैदान संपलं, मामा गप्प. कुंपणाचं भगदाड आलं, ती त्यातून पलीकडे गेली. पलीकडे शहर संपतं आणि नुसती माती सुरू होते. ती त्या मातीतून चालत राहिली, लहान होत होत. मामा गप्प. सगळी पलटण उभी राहून पाहत होती. शेवटी ती थांबली, वळली, आणि एवढी संतापून परत आली की तिच्यामागे धूळ उठत होती. "थम म्हणालाच नाहीत तुम्ही!" ती हिब्रूत ओरडली. मामा मराठीत म्हणाले, "नाही म्हटलं. मग थांबलीस का?" "कारण मलाच वाटलं, आता कुठवर जायचं!" "म्हणजे मी थांबवलं नाही?" "नाही." "शाळेने थांबवलं?" "नाही." "बापाने?" तिने बुटातली माती झटकली. मामा म्हणाले, "डिसमिस," आणि तिला सलाम केला. ती "मा पितोम!" म्हणून पाय आपटत घरी गेली. पण दोन दिवसांनी इसाक आमच्याकडे दोरी मागायला आला. ट्रंकेचं कुलूप मोडलं होतं.

सुकोथ संपला आणि त्या सकाळी सगळा मोहल्ला बसस्टँडवर गोळा झाला. वारा सुटला होता, बेर्शेब्याचा तो दातांत वाळू आणणारा वारा. दोघांच्या ट्रंका टपावर चढल्या. मामा खाकी हाफ पँट, इस्त्रीचा सदरा, छातीवर जुनी पदकं, असे आले होते, आणि मी पाहिलं की ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत आहेत. ते सावधान उभे राहिले की कधीच असं करत नसत. सासू घरातून डोक्यावर खुर्ची घेऊन आली होती, तीच पांढऱ्या वस्त्राची, बसमधले लोक डोकी काढून पाहत होते. तिने ती मामांच्या मागे आणून ठेवली. "गाडीत चढली. बस आता." मामा म्हणाले, "गाडीत चढली. हैफाला गेली का? तेल अवीवला गाडी बदलायची आहे. दुपार होईल." आणि मिशीवरून हात फिरवला.

दोन वर्षं साठवलेलं ते सगळं सासूच्या तोंडून तेव्हा बाहेर पडलं. ती खिडकीखाली गेली आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगो रिबका, जा गो बाई एकदाची! तुझ्यापायी हा मेला दोन वर्षं बसला नाही! तू शिवणाला नको, शिकायला जावीस म्हणून नवस बोललाय, पाय बघ त्याचे, भोपळे झालेत!"

मामांनी डोळे मिटले. मी पुढे झालो, मग मागे झालो. रिबका खिडकीत तशीच, तोंड उघडं. तिने आधी त्या खुर्चीकडे पाहिलं, मग मामांच्या गुडघ्यांकडे, आणि मला दिसलं की हेडमास्तरच्या टेबलापासून आमच्या दारापर्यंत, मैदानापासून कुंपणाच्या भगदाडापर्यंत सगळं तिच्या डोळ्यांपुढून चाललं आहे, एका मागोमाग एक, तालात.

मामा त्यानंतर पुढे काही वर्षं बसले, आणि चांगले बसले. आमच्या व्हरांड्यात, त्याच खुर्चीत, येणाऱ्याजाणाऱ्याला "बस रे, मी बसलोय ना" असं आग्रहाने सांगत. उतारवयात त्यांना बसण्याची इतकी गोडी लागली की उठवावं लागे. शुक्रवारी मैदानावर मात्र जात नसत. म्हणत, आता तिथे कुणी ओळखीचं नाही. आज ती खुर्ची आमच्याकडे आहे. कुणी बसत नाही तिच्यावर. तसं ठरवलेलं नाही, पण कुणी बसत नाही. आणि मला मामा आठवतात ते बसलेले आठवतच नाहीत. मला आठवतात ते त्या स्टँडवर, वाऱ्यात, मागे रिकामी खुर्ची आणि पुढे सुरू झालेली बस, आणि चेहरा असा की आपण चोरी करताना सापडलो.

बस हलली. रिबका खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली. गाडी अजून स्टँडच्या फाटकातसुद्धा पोचली नव्हती. हैफा तर कुठल्या कुठे होतं. आणि जिने इतक्या वर्षांत मामांना मराठीत एक शब्द उलटून सांगितला नव्हता, ती पोर आमच्या कोकणातल्या कुठल्याही घरातली असावी तशी ओरडली:

"मामा, पोचले मी! बसा आता!"